डोळा दुखत नाही, म्हणून

श्रोतेहो, मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवणारा मी एक साधा प्राध्यापक. पण मधुमेह गेली नऊ वर्षे माझ्या सोबतीला आहे, आणि त्याने माझ्या डाव्या डोळ्याचे काय केले हे ऐकून कोणी वेळेवर डोळे तपासून घेतले, तर बरे, एवढ्यासाठी आज तुमच्याशी बोलायला आलो आहे.

गेल्या वर्षी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. उजव्या डोळ्यात काही गेले म्हणून तो मिटला, आणि डाव्याने पाहतो तो काय! कागदावरच्या सरळ रेघा मधोमध वाकलेल्या, आणि शब्दातले मधले अक्षर धुरकट. दोन्ही डोळे उघडले की पुन्हा सारे ठीक. दोन डोळे एकमेकांना सांभाळून घेतात, आणि त्यातच आपली फसगत होते. मी काय केले? नंबर बदलला असेल म्हणून नवा चष्मा केला. शिकलेला माणूस, पण चार महिने असेच घालवले.

डोळ्याच्या आत, अगदी मागे, एक पातळ पडदा असतो. आपण पाहतो त्याचे चित्र त्यावर उमटते. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहूनही बारीक. रक्तात वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की त्यांच्या भिंती कमजोर होतात आणि पाटाचा बांध झिरपावा तशा त्या झिरपू लागतात. पडद्याच्या मध्यभागी सूज आली की रेघा वाकड्या दिसतात. पुढे काही वाहिन्या बुजतात. मग उपाशी पडलेल्या पडद्यावर नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या फार नाजूक. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते, नजरेपुढे काळे धागे तरंगतात, काजळी पसरल्यासारखे वाटते. शेवटी पडदा ओढला जाऊन सुटूही शकतो. आणि हे सगळे होताना डोळा बहुधा दुखत नाही, लाल होत नाही. पुष्कळ दिवस दिसतेही चांगले. दुखला असता तर आपण धावत गेलो असतो की नाही?

आपल्याकडे आणखी एक घोटाळा आहे. म्हाताऱ्या माणसाला कमी दिसू लागले की घरचे म्हणतात, "मोतीबिंदू असेल, पिकू द्या." मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे आज कारण उरलेले नाही, ही एक गोष्ट. आणि मधुमेह असला तर दोष मागच्या पडद्यातही असू शकतो. मग मोतीबिंदू काढूनही पुरते दिसत नाही, आणि दूषण मात्र शस्त्रक्रियेला!

आता उपचारांविषयी. साखरेइतकाच रक्तदाबही आवरावा लागतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, रक्तदाब कसोशीने ताब्यात ठेवलेल्या मधुमेही रुग्णांत पडद्याचा आजार कमी वाढलेला आढळला. कारल्याचा रस पिऊन गोळ्या बंद करणारे माझ्या ओळखीचे दोघेतिघे आहेत. त्यांच्यापुढे मी हात टेकले.

लेसरची मूळ कथा मोठी मजेची आहे. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेली माणसे जर्मनीतल्या मायर-श्विकेराट नावाच्या डॉक्टरांच्या पाहण्यात आली. त्यांनी विचार केला, उजेड पडदा भाजतो, तर मोजून-मापून भाजला तर? १९४९ च्या सुमारास हाम्बुर्गमध्ये, रुग्णालयाच्या छतावर आरसे मांडून त्यांनी सूर्यप्रकाशानेच उपचार करून पाहिले. आजचा लेसर त्याच वाटेने आला. "लेसर करूनही दिसेना" अशी तक्रार करणाऱ्यांना मी सांगतो: बांध दुरुस्त केला की राहिलेली माती वाचते, वाहून गेलेली परत येत नाही.

पडद्याच्या सुजेवर आता डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकूनच माझे हातपाय गार पडले होते. पण थेंब टाकून डोळा बधिर करतात, औषधाने धुतात, आणि काही क्षणांत काम होते. थोडा दाब जाणवतो, इतकेच. पुष्कळांची नजर त्याने सुधारते. मात्र एका इंजेक्शनने भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला, मग अंतर वाढवत जावे लागते. पुष्कळजण दोन घेऊन थांबतात, आणि सूज परत येते. इंजेक्शननंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तो जंतुसंसर्ग असू शकतो. डोळ्यात रक्त साचून राहिले किंवा पडदा ओढला गेला, तर शस्त्रक्रिया करावी लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, हजेरीपटाच्या रेघा तुमच्यासमोर रोजच असतात. एकेक डोळा झाकून त्यांच्याकडे पाहा. रेघा सरळ दिसल्या म्हणून तपासणी चुकवू नका मात्र. प्रौढपणी मधुमेह निघाला तर तो कळताच, आणि पुढे वर्षातून एकदा, बाहुली मोठी करून पडदा पाहून घ्यावा. जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात विचारा. मधुमेही बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी व्हावी. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, उजेड सोसत नाही. तेव्हा फटफटी घरी ठेवा, एस.टी.ने जा, आणि कोणाला तरी सोबत न्या.

माझे सहावे इंजेक्शन पुढच्या महिन्यात आहे. रेघा पुष्कळशा सरळ झाल्या आहेत. मधले अक्षर अजून धुरकटच दिसते.