र. धों. कर्वे आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



महर्षी कर्व्यांचे नाव आपण आदराने घेतो. त्यांनी विधवांना आणि मुलींना विद्येचे दार उघडून दिले. आज मी त्यांच्या थोरल्या मुलाविषयी, रघुनाथरावांविषयी, चार शब्द बोलणार आहे. त्यांचा विषय असा, की तो निघाला की आपण पदर तोंडाला लावतो.

रघुनाथरावांचा जन्म १८८२ चा. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवीत. वारंवारच्या बाळंतपणांनी बायका खंगतात हे पाहून १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी केंद्र काढले तेही त्याच वर्षी. पण या कामापायी रघुनाथरावांना प्राध्यापकी सोडावी लागली.

तरी ते गप्प बसले नाहीत. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. वाचक पत्रातून शंका विचारीत आणि ते सरळ शब्दांत उत्तरे छापीत. स्त्रीलाही इच्छा असते, मूल हवे की नको यात तिचाही शब्द चालला पाहिजे, हे त्यांनी त्या काळी लिहिले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, दंड भरावा लागला, पण मासिक चालूच राहिले. १९५३ साली ते वारले, तोवर ते त्यांनी चालविले. आणि मालतीबाईंना कशा विसरू? तुटपुंज्या मिळकतीत आणि लोकनिंदेत त्यांनी पतीची साथ सोडली नाही.

कोणी म्हणेल, असले बोलून मुले बिघडतील. भगिनींनो, आपण बोलत नाही म्हणून मुले अजाण राहतात का? ती कोपऱ्यात, मोबाइलवर, नको त्याच्याकडून शिकतात. माझ्या नात्यातील एका बाईंनी अंगावरून पांढरे जाण्याचा त्रास लाजेने वर्षभर लपविला. डॉक्टरीणबाईंकडे गेल्या तेव्हा दुखणे वाढलेले होते. लाजेने अब्रू राखली नाही, प्रकृती मात्र घालविली.

मुलांना वाईट स्पर्शापासून वाचविण्यासाठी २०१२ साली कायदा झाला. पण आपल्या अंगाला काय म्हणतात हेच ज्या लेकराला ठाऊक नाही, ते आईला सांगणार तरी काय? सज्ञान माणसांनी आपखुशीने ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. तसे मूल आपल्याही घरात असू शकते. त्याला आईजवळ मन मोकळे करता आले नाही, तर ते कोठे जाईल?

यासाठी फार शिकलेले असावे लागत नाही. मी सातवी शिकले. मुलीला पाळी येण्याआधी जवळ बसवून नीट सांगावे. मुलगा असला तर त्यालाही सांगावे. बहिणीला तो हसणार नाही. मुलाने विचारले तर "गप्प बैस" म्हणू नये. उत्तर येत नसेल तर "विचारून सांगते" म्हणावे, आणि खरोखर विचारून सांगावे.

माझी मंडळाला एक सूचना आहे. दरवर्षी हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. येत्या वर्षी त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना बोलावावे. ज्यांना तोंडाने विचारायचा संकोच वाटेल त्यांनी नाव न घालता चिठ्ठी टाकावी. रघुनाथरावांनी सव्वीस वर्षे परक्यांच्या शंकांना उत्तरे दिली. आपण निदान आपल्या लेकरांच्या शंकांना तरी देऊ या.