लॅग, लॅग म्हणताय, पण अडतंय नक्की कुठे?

मी कसबा पेठेतून बोलतोय, त्यामुळे मध्येच एखादा हॉर्न किंवा तांबट आळीतली हातोडी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे घरच्या पीसीवर ऑनलाइन गेम अडकण्याचा. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर ओळखीतली मुलं एकच प्रश्न विचारतात, ‘दादा, गेम लॅग होतोय, कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?’ म्हणजे तक्रार झाली, औषधही ठरलं, मधली तपासणी तेवढी गायब. माझं उत्तर ठरलेलं असतं: अजून कुठलंच घेऊ नकोस. आधी अर्धा तास मोजू.

कारण ‘लॅग’ हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या दुखण्यांना वापरतो.

पहिलं, चित्रच नीट तयार होत नाही. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. एखाद्या फ्रेमला मध्येच ८० मिलिसेकंद लागले, तर सरासरी एफपीएस चांगला दिसूनही डोळ्याला झटका जाणवतो.

दुसरं, चित्र गुळगुळीत आहे, पण निरोप सर्व्हरपर्यंत वेळेवर पोचत नाही. तुम्ही भिंतीआड गेलात तरी मेलात, किंवा पुढे गेलेला खेळाडू मागे खेचला गेला. हे नेटवर्क.

तिसरं, पहिली वीस मिनिटं सगळं झकास, मग हळूहळू रडायला लागतं. इथे बहुतेक वेळा उष्णता असते.

हे ओळखायचं कसं? गेममध्येच सोय असते. व्हॅलोरंटच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओखाली स्टॅट्स नावाचं पान आहे. तिथून एफपीएस, सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ आणि पॅकेट लॉस यांचे आलेख पडद्यावर लावता येतात. झटका बसला त्या क्षणी कुठला आलेख उसळला, ते बघा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये बॉट्सबरोबर स्वतःच्याच मशीनवर सराव करता येतो. तिथेही अडकत असेल, तर नेटवर्कला उगाच शिव्या घालू नका.

आता एक खरी केस सांगतो. आमच्या गल्लीतल्या एका जुन्या वाड्यातला मुलगा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. काकूंनी भिशीचे पस्तीस हजार कार्डासाठी बाजूला ठेवले होते. काकांचं म्हणणं, गेमसाठी एवढे पैसे कशाला. त्याच घरात त्याची बहीण नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखती देत होती आणि दोनदा ऐन बोलताना तिचा आवाज तुटला होता. तिला वाटत होतं, आपला लॅपटॉप जुना झालाय. म्हणजे नवीन लॅपटॉपचा खर्चही रांगेत उभा.

गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडला. ग्राफिक्स कार्डाचा वापर ४५ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा महत्त्वाचा आहे. एफपीएसवर कुठलीही मर्यादा लावलेली नाही आणि जीपीयू ९५ ते ९९ टक्क्यांवर आहे, तर कार्ड खरंच कमी पडतंय. जीपीयू निम्मा रिकामा बसलाय, तर नवीन कार्ड आणखी रिकामं बसेल. अडचण प्रोसेसरमध्ये, रॅममध्ये किंवा बाहेर कुठेतरी आहे. आणि सीपीयूचा एकूण वापर ३० टक्के दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. एकच कोर पूर्ण भरलेला असू शकतो.

मग कमांड प्रॉम्प्ट उघडून घरातल्याच राउटरला सतत पिंग लावलं. इंटरनेटला नाही, राउटरला. निरोगी घरात हा आकडा एक ते पाच मिलिसेकंद असतो. इथे २, ३, १८०, ४, २४०, मग रिक्वेस्ट टाइम्ड आउट! म्हणजे निरोप वाड्याच्या बाहेरही पडत नव्हता. बहिणीचा आवाज तुटायचा तोही इथेच.

कारण समोरच होतं. राउटर दर्शनी खोलीत, पीसी मागच्या माडीवर. मध्ये हात-दीड हात जाडीच्या दगड-विटांच्या भिंती. वायफायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा अशा भिंतीत दम तोडतो. २.४ पलीकडे पोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. आपल्या पेठांमध्ये घराला घर चिकटलेलं, फोनवर बघितलं तर वीस-पंचवीस नेटवर्क दिसतात. सगळे त्या तीन चॅनलवर दाटीवाटीने बसलेले. वरून प्लॅन १०० एमबीपीएसचा ३०० केला, तरी या भिंतीत काहीच फरक पडत नाही.

उपाय काय, तर वायर. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन कॅट ६ केबल आणली, जिन्याच्या कडेने वर नेली, विजेच्या वायरपासून थोडी लांब ठेवून. खर्च हजाराच्या आत. राउटरचं पिंग एक मिलिसेकंदाच्या खाली आलं. मुलाखतीच्या दिवशी तीच केबल बहिणीच्या लॅपटॉपला लागायची. लॅपटॉपला काहीही झालेलं नव्हतं.

तरीही संध्याकाळी कधीतरी पिंग उडायचं. वेळ जुळवून बघितली, तर काकांचा फोन तेव्हा फोटोंचा बॅकअप घ्यायचा. अपलोडची नळी भरली की राउटर पाकिटं रांगेत साठवत बसतो आणि तुमच्या गेमचं छोटंसं पाकीट त्या रांगेच्या शेपटीला उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हे नाव चर्चेत आणलं. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५–९० टक्क्यांवर लावा. नसेल, तर बॅकअप रात्रीवर ढकला.

आता मशीनची बाजू. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत साधनात प्रोसेसरचं तापमान आणि गिगाहर्ट्झ बघा. तापमान ९५ च्या पुढे आणि त्याच वेळी वेग खाली, म्हणजे चिप स्वतःला वाचवतेय. पुण्यात एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या खोलीत हे सहज होतं. मशीन बंद करा, प्लग काढा, ब्लोअरने धूळ काढा. पंखा बोटाने धरून ठेवा, त्याला हवेने गरगर फिरू देऊ नका. थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदला.

तीन फुकटच्या गोष्टीही बघून घ्या. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लागलीय ना, मदरबोर्डला नाही ना? १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर तर नाही ना? आणि रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर त्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जोडीच्या स्लॉटमध्ये आहेत ना? एकाच पट्टीवर चालणाऱ्या मशीनला, खास करून वेगळं कार्ड नसलेल्याला, दुसरी पट्टी बरंच काही देऊन जाते.

शेवटचा मुद्दा अंतराचा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई १५० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. सिंगापूर सुमारे ४,००० किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेत तार असली तरी ४० मिलिसेकंद, प्रत्यक्षात जास्तच. त्यामुळे गेमने मुंबईचा सर्व्हर निवडलाय की सिंगापूरचा, हे बघा. ते अंतर कुठलंही कार्ड कमी करू शकत नाही.

तर क्रम लक्षात ठेवा: आधी आलेख, मग राउटरला पिंग, मग केबल, मग तापमान, मग जीपीयूचा वापर. एका वेळी एकच बदल करा आणि आधीचा-नंतरचा आकडा वहीत लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही. आणि एवढं करूनही जीपीयू ९९ वरच असेल, तर खुशाल कार्ड घ्या. तेव्हा घरच्यांसमोर हट्ट नाही, आकडे ठेवा. आपल्याकडे भिशीचा पैसा फार सावकाश जमतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर केबल लावून बघा!