ओट्यावरचा उजेड

संध्याकाळी ओट्याशी उभं राहिलं की छताचा दिवा पाठीमागे राहतो आणि आपलीच सावली विळीवर पडते. बोट कापायला तेवढं पुरतं. म्हणून वरच्या कपाटाच्या तळाला एलईडी पट्टी लावा. भिंतीलगत नको, पुढच्या कडेला. उजेड थेट हातांवर येतो. ४००० केल्विनचा पांढरा रंग घ्या, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० असेल तर तूरडाळीतला खडाही चटकन दिसतो. दुधी झाकणाची अ‍ॅल्युमिनियम पट्टी हवीच, नाहीतर काळ्या ग्रॅनाइटवर ठिपके चमकतात. मीटरला १० वॅटची तीन मीटर पट्टी म्हणजे ३० वॅट. पट्टीला वीज पुरवणारा ड्रायव्हर ४० वॅटचा, शेगडी-नळापासून दूर. जोडणी वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून.