पोवळ्याचा रंग



एका विज्ञानशिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मराठीच्या माणसाने प्रवाळपालनावर बोलावे, याला निमित्त एका शब्दाचे आहे. ‘पोवळे’ म्हटले की आपल्याला मंगळाच्या अंगठीतले तांबडे रत्न आठवते. ते भूमध्य समुद्रातील एका प्रवाळाच्या सांगाड्यापासून घडते. त्याचा रंग सांगाड्यातच मुरलेला असतो, म्हणून प्राणी मेल्यावरही तो टिकतो. समुद्रात खडक रचणाऱ्या प्रवाळांचे नेमके उलटे आहे. त्यांचा सांगाडा पांढरा, चुन्याचा. आणि रंग त्यावर पसरलेल्या पातळ, जिवंत कातडीचा. भाषेने दोघांना एकच नाव दिले आणि घरच्या काचेच्या टाकीत प्रवाळ ठेवणारे पुष्कळ हौशी लोक त्या नावाला फसले. रंग एकदा विकत घेतला की आपला झाला, असे त्यांना वाटते.

प्रवाळाच्या पेशींत अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. यजमान त्याला आसरा आणि आपली उत्सर्जिते देतो. या शैवालाचा रंग तपकिरी. हिरवी, जांभळी, निळी छटा येते ती प्रवाळाने स्वतः घडवलेल्या रंगद्रव्यांमुळे. म्हणजे आपल्याला दिसणारा रंग हा दोघांच्या संसाराचा ताळेबंद आहे. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट फार साचले, तर शैवाल माजते आणि प्रवाळ मातकट दिसू लागतो. उलट, निर्मळपणाच्या हव्यासाने ही द्रव्ये पार काढून टाकली, तर तो उपाशी राहून फिकटतो. आपल्याकडील सोवळ्याची अतिशयोक्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच पटावे!

दुकानात निळ्या दिव्याखाली ठेवलेला प्रवाळ झगझगतो. त्या झगमगाटावरून प्रकृतीची परीक्षा करू नये. घरी आणल्यावर एकदम प्रखर प्रकाश देणे हाही अत्याचारच. प्रकाश काही आठवड्यांत हळूहळू वाढवावा लागतो. त्याच्या जोडीला पाण्याला सतत दिशा बदलणारा प्रवाह हवा. एका जागी बसलेल्या या प्राण्याकडे अन्न आणि प्राणवायू आणतो तो प्रवाहच, आणि त्याच्या अंगावरचा गाळही तोच झाडतो.

क्षाराविषयी गोमंतकीयाला शिकवावे लागू नये. पेडण्याकडची मिठागरे आपण पाहिली आहेत: पाणी उडते, मीठ उरते. टाकीतही तेच घडते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. वाफ होऊन पाणी घटले की भर घालायची ती शुद्ध केलेल्या गोड्या पाण्याची. खारे पाणी ओतत राहिले तर टाकीचे मिठागर होते. आणि तांब्याच्या कळशीतले पाणी आपल्याला कितीही पवित्र वाटो, प्रवाळाला तांबे विष आहे. माशांच्या रोगावर दिली जाणारी तांबेयुक्त औषधेही त्या टाकीत चालत नाहीत.

सांगाडा वाढायचा तर कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही लागतात. टाकीत लिटरमागे 400 ते 450 मिलिग्रॅम कॅल्शियम राखतात. ते पुरवण्याचा जो उपाय पीटर विल्केन्स यांनी 1970च्या दशकात युरोपात रूढ केला, तो म्हणजे आपली चुन्याची निवळी! तीच निवळी, थेंबथेंब सोडलेली. घाईने ओतली तर पाण्याचा सामू झपाट्याने चढतो आणि उपकाराचा अपकार होतो.

त्याआधी, 1961 साली, इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली होती. त्यांच्याजवळ मोठी यंत्रे नव्हती. समुद्रातला जिवंत खडक, ऊन आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांनी प्रवाळ जगवले. त्या खडकातील जिवाणूच घाणीचा निचरा करीत. आजच्या महागड्या साधनांपेक्षा मला त्यांची ही समज अधिक मोलाची वाटते. प्रवाळ नव्हे, पाणी सांभाळायचे, हे त्यांना उमगले होते.

टाकीत तापमान साधारण 25 ते 26 अंश सेल्सिअस ठेवतात. समुद्रात नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाददुसरा अंश अधिक उष्णता काही आठवडे टिकली की प्रवाळ आपल्या सोबत्याला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपने हे 1998, 2010 आणि 2016 साली भोगले. घरच्या टाकीत यंत्राने पाणी थंड करता येते. समुद्राला तशी सोय नाही.

आता आपल्यापुरता प्रश्न. 2001 साली खडक रचणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आले. त्यामुळे ग्रँड बेटाजवळचा वा मालवणचा तुकडा शोभेसाठी घरी आणणे हा गुन्हा आहे, आणि तो कायदा मला योग्य वाटतो. परदेशात, जिथे परवानगी आहे तिथे, ही हौस करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी निदान दुकानदाराला विचारावे: हा समुद्रातून तोडलेला की टाकीत वाढवलेला? बर्लिनच्या डीट्रिख श्ट्यूबर यांनी आपल्या टाकीत वाढवलेल्या एका प्रवाळाच्या फांद्या इतर हौशींना दिल्या. त्या घरी रुजल्या, वाढल्या, पुन्हा तोडून पुढच्या घरी गेल्या. एका प्रवाळाची अशी संतती कित्येक टाक्यांत पसरली, आणि तिच्यासाठी समुद्रातून पुन्हा काही आणावे लागले नाही.