चौदाव्या रात्रीचा चंद्र आणि आपला ऑक्सिजन

आपले महिने चंद्रावर चालतात. तर त्याच चंद्रापर्यंत पोचणाऱ्या हवेची ही गोष्ट.

हवेच्या अगदी वरच्या थरात सूर्याची अतिनील किरणं अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. उरतो तो आयन. ध्रुवांवर हलके इलेक्ट्रॉन आधी वर निसटतात आणि आयनांना मागून ओढतात. ही ओढ किती? २०२२ मध्ये स्वालबार्डहून ‘एन्ड्युरन्स’ रॉकेट ७६८ किलोमीटर उंच गेलं आणि ती मोजली: सुमारे ०.५५ व्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळाचा सेलही दीड व्होल्टचा असतो! हायड्रोजनला एवढं पुरतं. ऑक्सिजन जड, त्याला सौरवाऱ्याच्या ऊर्जेचा आणखी रेटा लागतो.

मग चुंबकीय रेषा धरून हे आयन पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत जातात, सूर्याच्या विरुद्ध दिशेला. काही तिथून पृथ्वीकडे वळतात, काही कायमचे जातात.

अय्याम-ए-बीझचे रोजे असतात, त्या पौर्णिमेच्या दिवसांत चंद्र याच शेपटीतून जातो. यावरून कुणी ‘विज्ञानानं सिद्ध केलं’ असा फॉरवर्ड पाठवला, तर विचारा: कुणी मोजलं, कशानं? ऑक्सिजनचं उत्तर आहे. जपानच्या ‘कागुया’ यानानं चंद्राभोवती फिरताना पृथ्वीचे ऑक्सिजन आयन पकडले. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. रोज्याबद्दल त्या यंत्रानं काही मोजलेलं नाही.