एक इंजिन, तीन स्वभाव

मोटारगाडीची थोरवी तिच्या अश्वशक्तीवरून ठरवावी, असा एक सर्वसाधारण समज आहे. विक्रेत्याच्या पत्रकात तोच आकडा ठळक छापलेला असतो, आणि मोठा आकडा म्हणजे श्रेष्ठ गाडी, असा निष्कर्ष काढून ग्राहक मोकळा होतो. परंतु एकाच कारखान्यातून, एकाच आकाराचे इंजिन घेऊन निघालेल्या तीन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या केल्या, म्हणजे ह्या समजातील उणीव ध्यानी येते.

जर्मनीतील स्टुटगार्टच्या पोर्शे कारखान्याची एक गाडी १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ‘९०१’ ह्या नावाने लोकांसमोर आली. मधोमध शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हक्क सांगितला आणि तिचे नाव ‘९११’ झाले. तिचे इंजिन पुढे नसून पाठीमागे. त्यात सहा सिलिंडर, एकेका बाजूस तीन-तीन असे आडवे निजलेले. आणि ते थंड राखायचे ते पाण्याने नव्हे, तर वाऱ्याने. १९९१ घनसेंटिमीटरांचे हे इंजिन मिनिटाला ६१०० फेऱ्यांवर १३० अश्वशक्ती देई.

१९६६ साली तिची ‘एस्’ ही तेज आवृत्ती निघाली: ६६०० फेऱ्यांवर १६० अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी ‘टी’ ही स्वस्त आवृत्ती आली: ५८०० फेऱ्यांवर ११०. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ६६ मिलिमीटर, ही मापे मात्र तिघींत एकच. मग ‘टी’ आणि ‘एस्’ यांच्यात पन्नास अश्वांचे अंतर पडले कसे?

इंजिन हे अखेर श्वासोच्छ्वास करणारे यंत्र आहे. ‘एस्’च्या झडपा मोठ्या केल्या आणि त्या अधिक काळ उघड्या राहतील अशी योजना केली. मूळ गाडीत इंधनमिश्रण नवव्या हिश्शापर्यंत दाबले जाई; ‘एस्’मध्ये हे प्रमाण ९.८ वर नेले आणि तो ताण सोसावा म्हणून दट्टे घडीव धातूचे बसविले. ‘टी’मध्ये हेच प्रमाण ८.६ वर उतरविले, सिलिंडर साध्या बिडाचे केले आणि झडपांची चाल सौम्य ठेवली.

आता दुसरा आकडा पाहावा. चाक फिरविणारा जो जोर, ज्यास टॉर्क म्हणतात, तो मूळ गाडीत ४२०० फेऱ्यांवर १७४ न्यूटन-मीटर होता. ‘एस्’मध्ये १७९, आणि तोही ५२०० फेऱ्यांवर. म्हणजे अश्वशक्ती जवळजवळ चौथ्या हिश्शाने वाढली, पण प्रत्यक्ष जोर शेकडा तीननेच. कारण उघड आहे: अश्वशक्ती हा जोर आणि फेऱ्या यांचा गुणाकार होय. ‘एस्’ने बळ फारसे वाढविले नाही, तिने चपळाई वाढविली. साहजिकच मोकळ्या रस्त्यावर, उंच फेऱ्यांत ती खुले. गावातील संथ रहदारीत मात्र तिला वारंवार गिअर बदलून जागे ठेवावे लागे. ‘टी’चा जोर १५७ एवढाच, पण तो ४२०० फेऱ्यांवरच पुरता हाती येई.

ह्या हिशेबात केवळ पैशाचा प्रश्न नव्हता. इंजिनाचा भार मागील चाकांच्याही मागे असल्याने, वेगात वळण घेताना चालकाने घाबरून एकदम पाय उचलला, तर शेपटाकडची बाजू बाहेर फेकली जाण्याचे भय असे. ‘एस्’ला वायुवीजन असलेले डिस्क ब्रेक दिले होते, १९६९ च्या गाड्यांत तर पुढील-मागील चाकांमधील अंतर २२११ वरून २२६८ मिलिमीटर केले गेले. वाढत्या शक्तीबरोबर तिला आवरण्याची तजवीजही करावी लागली, ती अशी.

तेव्हा पत्रक वाचताना अश्वशक्तीच्या आकड्यापाशी न थांबता, ती किती फेऱ्यांवर मिळते हेही शोधावे. पहिला आकडा गाडीचे सामर्थ्य सांगतो. दुसरा तिचा स्वभाव. आणि रोजचा सहवास घडतो तो स्वभावाशीच.