तांदूळ, ताग आणि सोळावा अक्षांश

जपानने आशियाला स्वातंत्र्य मिळवून दिले, हा समज अधूनमधून डोके वर काढतो. व्हिएतनामपुरता हिशेब मांडून पाहू. अर्थशास्त्राच्या मास्तराला दुसरे काय येते?

१९४० साली जपानी फौजा इंडोचीनमध्ये शिरल्या, पण फ्रेंच कारभार त्यांनी मार्च १९४५ पर्यंत तसाच चालू ठेवला. दोन धनी आणि एक कूळ! उत्तरेत भाताच्या जागी शेतकऱ्यांना ताग लावायला भाग पाडले. पिकलेला तांदूळ सक्तीच्या लेव्हीत गेला. १९४४-४५ च्या दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज ४ लाखांपासून २० लाखांपर्यंत आहेत. धान्याची कोठारे फोडणाऱ्या व्हिएतमिन्हमागे खेडी उभी राहिली, ती या भुकेपोटी. मार्चमध्ये जपानने फ्रेंच सत्ता मोडली, ऑगस्टमध्ये तो स्वतःच कोसळला. त्या पोकळीत २ सप्टेंबरला हनोईत हो चि मिन्ह यांनी स्वातंत्र्य घोषित केले.

रेघ मात्र पॉट्सडॅमला ठरली होती. जपान्यांची शस्त्रे उत्तरेत चीनने व दक्षिणेत ब्रिटनने उतरवून घ्यावीत, एवढ्यासाठी १६ वा अक्षांश. सायगावला उतरले ते जनरल ग्रेसी आणि विसाव्या हिंदी डिव्हिजनचे आपलेच जवान. ग्रेसींनी कैदेतल्या फ्रेंचांना शस्त्रे दिली, पराभूत जपान्यांनाही कामाला जुंपले. २३ सप्टेंबरला शहर फ्रेंचांच्या हाती गेले. एका गुलामाला बांधायला दुसऱ्या गुलामाचे हात! नेहरूंनी जाहीर निषेध केला, पण सैन्य कुठे आपले होते?

१९५४ साली जिनिव्हात १७ व्या अक्षांशावर नवी रेघ पडली, तीही ‘तात्पुरती’ म्हणूनच. दोन्ही बाजूंचे एक राज्य व्हायला १९७६ उजाडले.